दोन सेकंद दम

रात्री दहाला सुरू केलेली कमांड मिनिटभरातच तोंडावर आपटली. काळ्या पडद्यावर सरसर धावणाऱ्या ओळी एकशे चाळिसाव्या पानाशी अडल्या आणि मग नकारामागून नकार येऊ लागले.

बारा वाजता वेबसाइट कायमची बंद होणार होती. शिलाई मशीनच्या दुरुस्तीची दोन हजार पानं ऑपरेटरबाईंच्या नवऱ्याने तिथे लिहिली होती. मेकॅनिक पक्के, पण पासवर्ड तीन वर्षांपूर्वीच हरवून बसलेले. आता स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं शिरून एकेक पान उतरवून घ्यायचं, एवढाच मार्ग उरला होता.

जावई कंप्यूटरवाले. त्यांनी फोनवर सांगितलं, की इतक्या झपाट्याने पानं मागितली की समोरच्याला संशय येतो आणि तो दार लावून घेतो. आई, आता सोडून द्या. जावयाला उलट उत्तर कसं द्यायचं, म्हणून बाई ‘बरं’ म्हणाल्या आणि फोन ठेवून पुन्हा खुर्चीत बसल्या.

तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलेल्या बाईंना संशयाचं कारण लगेच पटलं. घायकुतीला येऊन सारखी लाइन मागणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या स्वतःच सगळ्यात शेवटी जोडून द्यायच्या.

“अगं, परत दाब ना ते,” मेकॅनिक तिसऱ्यांदा म्हणाले.

“हात लावायचा नाही.”

समोरचा संशय निवावा म्हणून अर्धा तास बाईंनी कळफलकाकडे पाहिलंसुद्धा नाही. मग कमांडमध्ये भर घातली: आलेली पानं वगळ, आणि दर पानानंतर दोन सेकंद थांब. एंटर दाबलं. एक ओळ आली. जरा थांबून दुसरी आली. मेकॅनिकांचा जीव टांगणीला लागला होता. बाई मात्र प्रत्येक ओळीला मान डोलवत होत्या.

बाराला चार मिनिटं कमी असताना शेवटचं पान उतरलं.

बारा वाजून गेल्यावर जावयांचा फोन आला. साइट गेली, वाईट वाटून घेऊ नका, असं ते हळू आवाजात म्हणाले. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला, इंटरनेटची वायर उपटून टेबलावर ठेवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, “उघडा कुठलंही.”

मेकॅनिकांनी जे पान उघडलं ते ठरलेलंच होतं. सुईची सपाट बाजू उजवीकडे ठेवा, असं तिथे चुकून लिहिलं गेलं होतं. आपल्यामुळे लोकांच्या सुया मोडत असतील, या विचाराने तीन वर्षं त्यांना चैन नव्हतं. पण पासवर्डाविना एक अक्षर बदलता येत नव्हतं.

“डावीकडे हवं,” ते पुटपुटले.

बाई इतक्या खूश होत्या की खुर्चीतून उठायलाच विसरल्या होत्या. आता उठल्या आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

“मग करा की. आता कोण विचारतंय पासवर्ड?”

मेकॅनिकांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने ‘उजवीकडे’ खोडायला घेतलं.