कपाटामागचा खड्डा

प्रयोगशाळेतल्या नव्या मुलीने रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात त्या एकाच बाजूला भरल्या आणि फिरताना तोल जाऊन ते टेबलावरून धाडकन कोसळलं. कुणीतरी त्याचा फोटो कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. “यंत्र फिरायला निघालं!” “बाईंना मिक्सर तरी लावता येतो का?” मुलगी ॲप्रनची घडी करून पिशवीत भरू लागली, उद्यापासून ती येणार नव्हती. विभागप्रमुख ताईंनी ग्रुपवरचं वाचून फोन बाजूला ठेवला, बाह्या सरसावल्या आणि कोपऱ्यातलं लोखंडी कपाट रेटत बाजूला सारलं. मागे भिंतीत वीतभर खड्डा होता. त्याचा फोटो टाकून त्यांनी लिहिलं, “माझ्या पहिल्या आठवड्यात मीही नळ्या अशाच भरल्या. यंत्र इथे आदळलं. अठरा वर्षं हा खड्डा झाकून ठेवला. आता मला हसा.”  थोड्याच वेळात ग्रुपवरून यंत्राचा फोटो नाहीसा झाला. “ताई, कपाट परत लावू?” मुलीने विचारलं. “राहू दे खड्डा उघडा. ॲप्रन चढव.”