पुसू नये

फळा आजही पुसलेला नव्हता.

म्हणजे बाकीचा पुसला होता. उजव्या कोपऱ्यात तेवढं एक गणित ठेवलं होतं, भोवती खडूची चौकट, खाली ‘पुसू नये’. गणिताच्या बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. आधीचा तास विज्ञानाच्या सरांचा होता, आणि पुढच्याला फळा लख्ख करून द्यायचा हा शाळेचा साधा शिरस्ता सरांना पाळवत नव्हता.

दोघांत विस्तव जात नव्हता. वर्षाच्या सुरुवातीला भर बैठकीत सर म्हणाले होते की दहावीच्या मुलांना गुणोत्तर येत नाही, म्हणून आपला धडा अडतो. बाई म्हणाल्या होत्या की त्याच मुलांना तापमापकावरचे आकडे वाचता येत नाहीत, म्हणून आपला आलेख अडतो. तेव्हापासून बोलणं बंद. चहाच्या किटलीपाशी एक आला की दुसऱ्याची तहान भागलेली असे.

ती चौकट आपल्याला हिणवायलाच असते, याबद्दल बाईंना शंका नव्हती. पाहा, तुमच्या मुलांचं इथे अडलं. त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. मग ठरवलेला धडा बाजूला ठेवून त्या दातओठ खात तेच गणित असं शिकवत, की मागच्या बाकालाही चूक करायची सोय उरू नये. ज्या दिवशी बाईंचा तास आधी असे, त्या दिवशी त्याही एक चौकट मागे ठेवून जात. कुणाचं उसनं ठेवायची त्यांना सवय नव्हती.

वर्ग सुधारत होता. बाईंना त्याचं नवल वाटलं नाही. शेवटी शिकवत कोण होतं.

एक दिवस त्यांनी मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, तक्रार केली. शिक्षकांत सलोखा कसा राखावा याच्या शिबिरातून मोठ्या बाई नुकत्याच परतल्या होत्या आणि कुणाचा तरी सलोखा राखायला त्यांचे हात शिवशिवत होते. त्यांनी सरांना आठवीचे तास दिले. दहावीला नवे सर आले.

नवे सर सोन्यासारखे होते. फळा लख्ख पुसत, खडू मांडून ठेवत, दारात हसून बाजूला होत. वर्ग कसा चाललाय असं बाईंनी विचारलं की म्हणत, छान. बाई वर्गाला विचारत, कुठे अडतंय? वर्ग म्हणे, कुठेच नाही. बाईंना चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं. कोऱ्या फळ्यासमोर त्या खडू घेऊन उभ्या राहत, आणि आज सुरुवात कुठून करावी ते कळत नसे.

मग सराव परीक्षा झाली. अर्ध्या वर्गाने गुणोत्तर उलटं मांडलं होतं. शेवटची परीक्षा तोंडावर आली होती, आणि मुलांचं कधीपासून अडलंय हे बाईंना कुणीच सांगितलं नव्हतं. पेपर तसेच टेबलावर टाकून त्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या आणि दहावीला आधीचेच सर परत हवेत म्हणाल्या.

मोठ्या बाईंचा चेहरा उजळला. शिबिराचा गुण आला असं त्यांना वाटलं.

“म्हणजे आता तुमचं दोघांचं पटतंय तर.”

“छे, पटत कसलं,” बाई म्हणाल्या. “त्यांना फक्त एवढं सांगा, फळा पुसायचा नाही.”