पडद्यावरचं जंगल

"सारं जंगल एका दमात जळून गेलं, सर."

रुपाली की दाबायची आणि संगणकाच्या काळ्या पडद्यावरचे सगळे तारे क्षणात ठिपके होऊन जायचे. तारा म्हणजे झाड, ठिपका म्हणजे राख. बेसिक ही संगणकाची भाषा ती कॉलेजात शिकली होती. सी ही पुढची भाषा शिकायला ती पोंभुर्ण्याहून एसटीने चंद्रपूरच्या क्लासला येई.

भूपेशसर वाकले. "जळत्या जंगलातच नवं जंगल लिहून राह्यली तू. जुनं तसंच ठेव. त्याच्याकडं पाहून नवं दुसरीकडं लिही. मंग आग पायरीपायरीनं चालते."

"अन् हवा?"

"हवा जिकडं वाहते तिकडचं झाड आधी पेटव. पण तुले हेच काऊन पाह्यजे? बाकीचे पोट्टे सापशिडी बनवून राह्यले."

विचारून सर ओशाळले. सगळ्यांनाच माहीत होतं. मोहफुलं नीट दिसावीत म्हणून तिच्या भावाने, डोमाने, झाडाखालचा पाला पेटवला होता. सगळेच पेटवतात. त्याच दुपारी वणवा लागला आणि झोपडीत डोळा लागलेले वनचौकीदार नानाजी तिथेच जळून गेले. डोमा तुरुंगात गेला.

उन्हाळाभर ती तारे पेरत राहिली, राख मोजत राहिली. पडद्यावर मोहाखाली ठिणगी ठेवली की आग झोपडीअलीकडच्या नाल्याच्या रेतीशी येऊन विझे. दर वेळी. विडीपानांच्या ठेकेदाराची माणसं कोवळी पानं फुटावीत म्हणून आग लावतात तशी तेंदूच्या पट्ट्यात तीन जागी लावली, की मात्र झोपडी जळे.

डोमाचे वकील म्हणाले, "कोर्टाचं मी पाहतो. तू आधी भावाले दाखव."

तुरुंगात भेटीच्या जाळीला तिने प्रिंटरचा लांब कागद टेकवला.

"पाह्य दादा. तुही आग इथीच मेली. नानाजीभाऊले तू नाई मारलं."

डोमा कागदाकडे पाहत राहिला. तारे, ठिपके, तारे.

"माय जेवते का?"

"आता जेवंल."

"ह्या तीन जागा कोणं सांगतल्या तुले?"

"कोणीच नाई. करून करून सापडल्या. फक्त हा बांबूचा कोपरा जळतच नाई. खरा तर जळला होता ना? कुठीतरी चुकून राह्यली मी."

डोमाने जाळीला कपाळ टेकलं.

"तुह्यं नाई चुकलं, रुपा. तिथी चवथी आग लावली होती मी, ठेकेदारासाठी."