महर्षींचा तिसरा डोळा

"त्रिभुवनात माझ्यापासून काहीही लपत नाही!" शेषराव गरजले, आणि भज्यांच्या ताटलीत पाय देऊन बसले.

"महर्षी, पाय काढा," भाऊराव म्हणाले. "वहिनीनं पाठवलेली चटणी गेली."

सत्त्याऐंशी साली भाऊरावांच्या पुतण्याने परदेशातून एक खेळ पाठवला होता. भाऊरावांनी वहीत गोष्ट रचायची. शेषरावांनी त्या गोष्टीतले महर्षी होऊन, फासा टाकत पुढे जायचं. भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये दोघांची खाती वेगळी, पण रविवारची दुपार एकच, भाऊरावांच्या रिसालीतल्या क्वार्टरमध्ये.

महर्षींना तिसरा डोळा होता. फाशावर चार किंवा त्याहून जास्त पडलं, की वहीत लपवलेलं भाऊरावांनी खरंखरं वाचून दाखवायचं. अडीअडचणीला वापरायची शक्ती ती. शेषराव ती पावलागणिक वापरत. दार दिसलं, डोळा. म्हातारी दिसली, डोळा. कमी पडलंच तर "फासा सतरंजीच्या घडीवर पडला" म्हणून पुन्हा टाकत. आठवडाभर रचलेलं कारस्थान चहा उकळायच्या आत उघडं पडे.

"अरे, त्या म्हातारीशी बोलून तरी पाहायचं!"

"कावून? राक्षसीण हाये ती. मले दिसून राहिलं ना!"

घरी शेषरावांनी हा पराक्रम सांगितला तेव्हा मनकर्णाबाईंनी लाटणं खाली ठेवलं.

"भाऊजी बिचारे एकटे. हप्ताभर बसून लिवतात, अन् तुम्ही आधी शेवटचं पान वाचता. शरम नाही वाटत?"

शेषरावांना शरम वाटायला बायको लागे. पण एकदा वाटली की टिके.

पुढच्या रविवारी ते निश्चय करूनच गेले. खोलीत सतरंजीशिवाय काही नव्हतं.

"चुना मारायचा हाये," भाऊराव म्हणाले.

त्या दिवशीच्या गोष्टीत एक म्हातारा राजा होता. बोलेना, चालेना, नुसता महर्षींकडे पाहत बसलेला.

"राजा काहीतरी लपवून राहिला." भाऊरावांनी फासा पुढे सरकवला.

"लपवू दे."

"डोळा?"

"बंद."

"पाहून तर घे ना बे एकदा!"

"शपथ हाये. आजपासून इमानदारीत खेळीन."

भाऊरावांनी फासा परत आपल्याकडे ओढला. शेषरावांनी राजाला नमस्कार केला, पुढचं दार उघडलं आणि सरळ खड्ड्यात पडले. दोघेही हसले, भाऊराव जरा उशिरा. निघताना त्यांनी शेषरावांचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला. माणसाने इमानदारीची कदर केली, असं वाटून शेषराव सायकलवर शीळ घालत घरी गेले.

मंगळवारी संध्याकाळी ते सहज तिकडे वळले. क्वार्टरला कुलूप. शेजारच्या सत्यशीलाबाईंनी आतून ती वही आणून दिली.

"तुमच्यासाठी ठेवली त्यायनं. काल सकाळीच गेले ना गावी, तुमसरले. नोकरी सोडली, आता कायमचे तिकडंच. तुमाले सांगितलं नाही?"

शेषराव पायरीवर बसले. शेवटच्या पानावर भाऊरावांचं वळणदार अक्षर होतं:

'राजाचं गुपित. फक्त तिसऱ्या डोळ्यासाठी. शेष्या, मी उद्या सकाळच्या गाडीनं भिलाई सोडून चाललो. तोंडानं सांगवत नाही, म्हणून इथं लिहिलं, तू पाहशीलच. बिछान्याचा होल्डॉल जड झाला आहे. स्टेशनपर्यंत एक बाजू धरशील?'