आलोच

"फोनवर 'आलोच' म्हणू नका हो, 'गाडी पाठवली आहे' म्हणा," साहेबांनी सोपानला पुन्हा बजावलं.

वीस वर्षं सोपान आगीच्या बंबावर होता. बेल झाली की ज्याने त्याने आपापल्या ठरलेल्या जागी बसायचं. ड्रायव्हरच्या मागची, खिडकीची जागा त्याची. मग एका गोदामाची भिंत गुडघ्यावर कोसळली आणि खात्याने त्याला कंट्रोल रूममध्ये फोनवर बसवलं. आता बेल वाजवायची त्याने आणि धावायचं दुसऱ्यांनी.

दुपारी फोन खणखणला. "भाऊ, शेजारच्या स्वयंपाकघरात आग लागलीय, जिन्यात धूर भरलाय!" बाईचा आवाज कापत होता. सोपानने पत्ता विचारला, बेल दाबली. खाली माणसं धडाधड बंबात चढली. एक जण रजेवर होता, बदली कुणी मिळाला नव्हता. नेमकी सोपानचीच जुनी जागा रिकामी राहिली. ती तशीच घेऊन बंब फाटकाबाहेर पडला. आपण उठून उभे राहिलोय, हे सोपानला रिसीव्हरची वायर ताणली गेली तेव्हा कळलं.

"भाऊ, फोन ठेवू नका हं. येतंय ना कुणी?"

साहेब समोरच बसले होते.

"आलोच, ताई," सोपान म्हणाला. "जिन्याचं दार लावून घ्या, सगळ्यांना घेऊन गॅलरीत थांबा. आलोच."

तो तिला धीर देत राहिला. शेवटी फोनमधून ओळखीचा सायरन ऐकू आला.

"आली, भाऊ, गाडी आली!" तिला हुंदका फुटला. "यांतले तुम्ही कोणते?"

सोपानने क्षणभर साहेबांकडे पाहिलं.

"ड्रायव्हरच्या मागे, ताई," तो म्हणाला. "खिडकीशी."