लखनऊची गच्ची

टॅक्सी येऊन थांबली तरी सासूबाई खाली येईनात, म्हणून मेघना त्यांना बोलवायला गच्चीवर गेली. चिकनकामाचे कुर्ते घ्यायला आणि इमामबाडा बघायला दोघी दोन दिवसांसाठी लखनऊला आल्या होत्या.

घरमालकीण नसीमबाजी पतंग उडवत होत्या आणि सुलभाताई मान वर करून बघत होत्या. "माझं माहेर येवल्याचं. लग्नाआधी मी दिवसदिवस पतंग उडवायचे," त्या सुनेला म्हणाल्या. "सासरी आल्यावर मात्र पतंगाचं नावही निघालं नाही."

नसीमबाजींना मराठी कळत नव्हतं, पण सुलभाताईंचा चेहरा कळला. "लीजिए," म्हणत त्यांनी मांजा पुढे केला.

सुलभाताईंनी पदर खोचला. आधी पतंग गचके खात खाली आला, मग हाताला जुनी सवय आठवली आणि तो चढतच गेला. समोरच्या गच्चीवरचा काळा पतंग चाल करून आला. सुलभाताईंनी पेच घेतला, झरझर ढील सोडली, आणि काळा पतंग भेलकांडत नदीकडे निघून गेला. सासूबाईंना इतकं मोकळं हसताना मेघनाने कधी पाहिलं नव्हतं.

समोरचे म्हातारे गृहस्थ हात उंचावून म्हणाले, "बहनजी, कल फिर?"

"कल तो हमारी गाडी है," मेघनाने सांगितलं.

"गाडी परवाची कर," सुलभाताई पतंगावरची नजर न हलवता म्हणाल्या. "आणि त्या टॅक्सीवाल्याला जाऊ दे. इकडे ये, तुलाही शिकवते."