जन्मदाखला
जुन्या अमेरिकन मसल कारच्या, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या गाडीच्या, मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला कागद इस्माईल मिस्त्रींनी श्वास रोखून सोडवला. कारखान्याची यादी होती ती: गाडीला मुळात कुठलं इंजिन, कुठला रंग, कुठला रेडिओ. पन्नास वर्षांनी गाडीचा जन्मदाखलाच हाती आला होता.

"मालक, जिवापाड जपा," म्हणत त्यांनी तो फोनवर बोलणाऱ्या रणधीररावांच्या हातात दिला आणि ते हात धुवायला गेले.

परतले तेव्हा रणधीरराव गाडी बघायला आलेल्या पाहुण्यांना बॉनेट उघडून दाखवत होते. "सगळं ओरिजिनल! फक्त पुरावा तेवढा मिळत नाही." बोलता बोलता त्यांनी ऑइल बघायची पट्टी उपसली आणि हातातल्या कागदाने खसकन पुसली.

मिस्त्री ओल्या हातांनीच पुढे आले. "तोच होता पुरावा, मालक. आता नाकही पुसून घ्या त्यानेच."